तिकडं बोलावलंय

बाळांनो, फोनवर तुम्ही मला विचारता, "आजी, तिकडे थंडी आहे का?" आणि मी तुम्हाला विचारते, "तिकडे आता किती वाजले?" तुमचं तिकडे म्हणजे माझं घर आणि माझं तिकडे म्हणजे तुमचं. राजूरचे आमचे घरमालक हे ऐकायला असते तर मान डोलवून म्हणाले असते, "बघा मॅडम, इकडं कुणी राहतच न्हाई. समदे तिकडंच."

त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचं बरेच दिवस मनात आहे.

तुमची आई पुण्याला होस्टेलवर गेली, त्याच वर्षी मला राजूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. तुमचे आजोबा नगरला बँकेत होते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी नगरच येतं. सोमवारी पहाटे मी राजूरला जायची आणि शनिवारी दुपारी परत यायची. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं डोंगरातलं बाजाराचं गाव. पावसाळ्यात तिथलं धुकं खिडकीतून वर्गात शिरायचं आणि मागच्या बाकांवरची मुलं दिसेनाशी व्हायची. हजेरी घेताना पांढऱ्या धुक्यातून नुसते आवाज यायचे. मी खूण करायची, पण आवाजाचा मालक खरंच बाकावर आहे की नाही, याची मला कधी खात्री नसायची.

अशा गावात मी ज्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, ते घरमालक एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारणारे. बुटके, गोल, खाकी शर्टाला कडक इस्त्री. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते अकोल्याच्या स्टँडवर. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची संगमनेरची गाडी नुकतीच सुटली होती आणि तो खिडकीशी हुज्जत घालत होता.

"चुकली तर चुकू द्या," हे आतून शांतपणे म्हणाले. "तिकडं मिळाली तुम्हाला."

"कुठं तिकडं?"

"हाय एक जग. तिकडचे तुमी टायमात आला, चढला, खिडकीची जागा बी घावली. आता इकडच्या तुमी च्या घ्या."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्या तिकडच्याला म्हनावं, तहसिलीत माझी तारीख हाय, तेवढी उरकून ये." आणि खरोखरच चहा प्यायला गेला.

हे सगळं त्यांना पुस्तकांतून मिळालं होतं. स्टँडवरच्या स्टॉलवर, पुण्याच्या फुटपाथवर, कुठल्याशा सभागृहातल्या पुस्तक प्रदर्शनात ती पुस्तकं मिळतात. मुखपृष्ठावर जांभळे डोंगर, त्यामागे पिवळा उजेड आणि पाठमोरा दाढीवाला. आत तिबेटातले मठ, बर्फावर पाऊल न उमटवता चालणारे लामा, नकाशात नसलेली एक हिरवी दरी. शिवाय समांतर जगं. आपण एक वाट घेतली की सोडलेली दुसरी वाट कुठेतरी चालूच राहते आणि तिच्यावर दुसरे आपण चालत असतो, असं त्या पुस्तकांचं म्हणणं. लेखकांनी हे कुठून आणलं ते कुठेच दिलेलं नसायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, "यात पुरावा कुठे आहे?"

"तुमच्या इंग्रजी कवितेत तरी कुठं असतो मॅडम?" ते म्हणाले.

प्रत्येक पुस्तकाला ते एसटीच्या जुन्या वेळापत्रकाच्या कागदाचं कव्हर घालायचे. त्यामुळे त्यांच्या फळीवर पुस्तकांची नावं दिसतच नसत, नुसत्या गाड्या दिसत. मला अशा कपाटाने चैन पडेना. एका सुट्टीच्या दिवशी मी म्हटलं, मी तुम्हाला ही विषयवार लावून देते.

"कशाला? मला घावतात की," ते म्हणाले. "तिबेट पाहिजे का? ती सकाळची कसारा. आत्म्याचा प्रवास ही नाशिक, व्हाया सिन्नर. अन् ती खालची फाटकी कोतूळ मुक्कामी हाय ना, ती मरणानंतरची."

गावाने त्यांचं नाव 'लामा' ठेवलं होतं. मंगळवारच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजीला ते नाव नीट ऐकूच गेलं नव्हतं. ती त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली होती, "येवढा बुटका, आन ह्येला लांबा कोन म्हनतंय?"

'पॅरलल' या शब्दासाठी ते माझा शब्दकोश मागायला वर आले होते. मी वहीवर दोन रेषा काढून दाखवल्या. समांतर म्हणजे कितीही लांब नेल्या तरी एकमेकींना न भेटणाऱ्या. त्यांनी त्या रेषा बराच वेळ पाहिल्या.

"मग ह्या त्या न्हाईत," ते म्हणाले. "आमच्या भेटतात."

"कुठे?"

"माणूस गाडीची वाट बघत बसतो ना, तिथं."

मी हसले. पण त्यानंतर सोमवारी पहाटे नगरच्या स्टँडवर अर्धवट झोपेत बसलेली असताना मला कितीदा तरी वाटलं, की माझ्यासारखीच एक बाई आज गाडीला आलीच नाही. ती घरी तुमच्या आजोबांसाठी चहा टाकते आहे.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. त्यांना मी वहिनी म्हणायची. त्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोणी 'हे' म्हणत, कोणी 'मालक'. माझ्या आजेसासूबाईंच्या काळात 'तिकडे' म्हणत. 'तिकडे जेवण झालं का', म्हणजे त्यांचं जेवण झालं का. हा शब्द माझ्या लहानपणीच जुना झाला होता. पण वहिनींना त्यांच्या आजीने वाढवलं होतं, आणि आजीचा तो शब्द त्यांच्या तोंडात तसाच राहिला होता.

त्यामुळे त्या घरात 'तिकडं' या शब्दाचे दोन अर्थ सुखाने नांदत होते. नवरा 'तिकडं' म्हणाला की दुसरं जग. बायको 'तिकडं' म्हणाली की नवरा. "तिकडं आज डोकं दुखतंय," असं वहिनी मला सांगायच्या, तेव्हा सुरुवातीला माझ्या डोळ्यांसमोर तिबेटचं पठार उभं राहायचं.

एका पुस्तकात त्यांनी वाचलं, की तिकडचे साधू कडाक्याच्या थंडीत ओली चादर अंगावर घेऊन बसतात आणि आतल्या उष्णतेने ती वाळवतात. राजूरची थंडी तुम्हाला नुसती सांगून कळणार नाही. दाराची कडी हाताला चावते. हे पहाटे अंगणातल्या ओट्यावर ओली चादर पांघरून बसू लागले. वहिनी चुलीवर पाणी ठेवायच्या आणि बघत राहायच्या. आठवड्याभराने मालकांना सणकून ताप भरला. तरी ते बसले, आणि त्या दिवशी चादरीतून खरंच वाफा निघाल्या.

"वाळली! मॅडम, वाळली!" त्यांनी खालून हाक मारली. दात वाजत होते.

"तापानं वाळली," वहिनी म्हणाल्या.

"ताप म्हंजी उष्णताच ना?"

वहिनींनी मला जिन्यावर उभी पाहिलं. "बाई, तिकडं सांगा, लामांनी आता काढा प्यायचा असतो म्हनून."

लोणी घातलेला खारट चहाही त्यांनी एकदा करून पाहिला. तो शेवटी म्हशीपुढे ठेवला, तर तिनेही तोंड फिरवलं. सातूचं पीठ मात्र चाललं. लामा भाजलेल्या सातूचं पीठ खातात हे वाचून ते हरखून गेले होते आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "ह्ये तर माझी आजी करायची."

त्या पिठाची एक पिशवी खुंटीला टांगलेल्या त्यांच्या झोळीत कायम असायची. झोळीत घोंगडी, बॅटरी आणि पीठ. त्यांच्या पुस्तकांप्रमाणे साधकाने आपण होऊन निघायचं नसतं. बोलावणं यावं लागतं. ते ज्याला काही ठाऊक नाही अशा माणसाच्या तोंडून येतं आणि आलं की उठून चालू लागायचं. निवृत्त झाल्यापासून ते त्या बोलावण्याची वाट पाहत होते. नवरा कधीतरी झोळी उचलून उत्तरेला निघून जाणार, हे वहिनींना माहीत होतं. एकदा मी त्यांना झोळीतलं पीठ काढून नवं भरताना पाहिलं.

"जुन्याला किडं झालं," त्या म्हणाल्या. "जायाचं तर चांगलं पीठ तरी न्यावं."

वहिनींचं दुःख वेगळंच होतं. त्यांना एकच भाऊ. खर्ड्याला त्याची कोरडवाहू जमीन, ज्वारी. भाचीच्या लग्नात आमचे घरमालक पंगतीत व्याह्यांना दुसऱ्या जगाबद्दल सांगत बसले होते. मुलाकडची माणसं एकमेकांना कोपराने ढोसू लागली, तशी भावाला लाज वाटली. तो बुंदी वाढत होता. वाढता वाढता मोठ्याने म्हणाला, "ऐकू नगा पाव्हणं, आमच्या दाजींच्या डोस्क्यातली गाडी रूळ सोडून चालती." सगळी पंगत हसली. आणि हे भरल्या पानावरून उठले. पानात बुंदी तशीच. उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणाले, "ह्या उंबऱ्याला माझा पाय पुन्हा लागणार न्हाई."

भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? उठणाऱ्याचा अपमान झालेला असतो आणि ज्याच्या घरचं पान, त्याचा त्याहून मोठा होतो. कित्येक वर्षं झाली. वहिनी भाऊबीजेला एकट्या जायच्या. ओवाळून झालं की भाऊ विचारायचा, "तिकडं कसं हाय?" त्यालाही बहिणीचाच शब्द. वहिनी म्हणायच्या, "बरं हाय." तेवढंच.

मी एकदा त्यांना टोकलं. "एवढी जगं मानता, मग या जगातला एक उंबरा ओलांडायला काय होतं?"

"तिकडं आमचं बोलणं हाय मॅडम," ते म्हणाले. "तिकडचा मी दर दिवाळीला खर्ड्याला जातो."

"वहिनी इकडे राहतात."

ते फळीवरची कोतूळ मुक्कामी काढून वाचत बसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भावाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. वहिनी त्याच्या सेवेला खर्ड्याला गेल्या. घरमालक मोबाईल वापरत नसत, त्याने चित्त ढळतं म्हणून. त्यामुळे वहिनींचा फोन यायचा तो माझ्याकडे. एका शुक्रवारी संध्याकाळी आला.

"बाई, दादाचं काय खरं न्हाई. दादानं तिकडं बोलावलंय. एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हनतो." मग जरा थांबून, "आईकतील का? तेवढं सांगा बाई. ह्या दोघांस्नी एकदा समोर बसलेलं बघू द्या मला."

मी खाली गेले. ते ओट्यावर बसले होते, समोर अंगणात धूसर उजेड. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवली होती. आधी आजाराचं सांगायचं, मग माणुसकीचं, मग वहिनींचं. पण मनात वहिनींचेच शब्द घोळत होते आणि तोंडून तेच आले.

"फोन होता," मी म्हटलं. "तिकडं बोलावलंय."

ते उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका बदलला, की मला माझी चूक लगेच कळली. मी घाईने म्हटलं, "म्हणजे, तुमच्या..."

त्यांनी हात वर केला. गाडी थांबवताना करत तसा.

"म्होरं बोलू नका मॅडम. बोलावणं आलं की कुणाचं ते इचारायचं नसतं. फक्त दिशा सांगा."

मी खरं सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर ते खाली बसले असते. मी वहिनींचा आवाज आठवला आणि म्हटलं, "पूर्वेला."

"पूर्वेला तर पूर्वेला. गाडी?"

"जामखेडची. नगरहून."

त्यांनी झोळी खुंटीवरून काढली, पीठ हुंगून पाहिलं. वहिनी जाताना नवं भरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर निघाले. आमचा जिल्हा केवढा मोठा आहे ते त्या दिवशी कळलं. सकाळी भाताच्या खाचरांवर धुकं होतं, प्रवरेवरून वाफ उठत होती. संगमनेरपर्यंत ऊस हिरवागार. नगरला गाडी बदलली आणि मग एकेक झाड गळत गेलं, रान मोकळं, पिवळं होत गेलं. जामखेडच्या गाडीत एक बाई शेजारी बसली होती. तिच्या गावातल्या निम्म्या घरांना कुलपं होती. "समदी तिकडं, कारखान्यावर," ती म्हणाली, "ऊस तोडाया." ते खिडकीतून त्या बंद दारांकडे बघत राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. रस्ता, रान, आभाळ सगळं एकाच फिक्या रंगाचं, आणि गाडी चालते आहे की रानच मागे सरकतंय, ते मला कळेना. त्यांनी ना कुठे आलो विचारलं, ना कुठे जायचं. फक्त एकदा म्हणाले, "टायमात हाय गाडी."

दुरून किल्ल्याची भिंत दिसली. तेव्हा मला वाटलं, आता ओळखतील, आता उतरतो म्हणतील. ते म्हणाले, "भिंत हाय म्हंजी दार आसंल."

घर गावाच्या कडेला. अंगणात बाजेवर भाऊ पडलेला, अंगावर वाकळ. दारात वहिनी. त्यांनी यांना पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि यांच्याशी नाही, माझ्याशी बोलल्या. "बाई, तिकडं पाय धुवायला पानी देऊ का?"

ते अंगणाच्या दगडी उंबऱ्याशी थांबले. सगळे थांबले. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली होती, तीही थांबली. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, जागा हीच का?"

"हीच."

"मग आलो," ते म्हणाले, आणि ओलांडून आत आले.

भावाच्या तोंडाची एक बाजू वाकडी झाली होती. बोलणं ओलं, सांडल्यासारखं यायचं. पण कळत होतं. "दाजी, पान वाढलंय. मागचं आर्धं ऱ्हायलं हुतं."

बाजेशेजारी खरोखर पाट मांडला होता. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगोळी आणि कडेला बुंदी. सकाळीच गावातल्या हलवायाकडून आणवली होती, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. ते बसले. पहिला घास बुंदीचा घेतला. भाऊ एका डोळ्याने बघत होता. ताट पुसून खाईपर्यंत ते उठले नाहीत.

मग भावाने विचारलं, "दाजी, तुमच्या त्या तिकडं... तिथं बी मी आसाच पडलोय का वो? खाटंवर?"

त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. बाजेवरून मरणाकडे बघणारा माणूस विचारत होता, ज्याला एकदा सगळ्या पंगतीसमोर वेड्यात काढलं होतं, त्याला. मला वाटलं, आता हे लामांचं, आत्म्याचं, मठांचं काहीतरी मोठं सांगतील. त्यांनी हात धुतला, शर्टाला पुसला.

"न्हाई," ते म्हणाले. "तिकडं तुमी आत्ता रानात हाय. हुरड्याची आगटी पेटलीय. मी बांधावर बसलोय. कणसं नीट भाजली न्हाईत म्हणून तुमी मला शिव्या देताय."

"मी कशापाई शिव्या दीन?"

"भाजायला मला बसवलंय ना."

भाऊ हसला. अर्ध्या तोंडानेच, पण खांदे हलेपर्यंत. वहिनी चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांचेही खांदे हलत होते, पण ते हसण्याने नव्हे.

आम्ही रात्रभर तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा ते पुन्हा येईन म्हणाले आणि पुढे भाऊ जाईपर्यंत दर आठवड्याला गेले. परतीच्या गाडीत जामखेड सुटल्यावर मी माझ्या मनातलं ओझं काढलं. म्हटलं, "मालक, तुम्हाला एक सांगायचंय. ते बोलावणं तुम्ही समजलात ते नव्हतं."

"म्होरं बोलू नका," ते पुन्हा म्हणाले. पण या वेळी हसत होते. "मॅडम, लगीन झाल्यापासून आमच्या घरात तिकडं म्हंजी मी. ते मला कळंना का?"

"मग?" मी म्हटलं.

"शपथ इकडच्यानं घेतली हुती. बोलावणं तिकडच्याला आलं. मग तिकडच्याला कोण आडवणार?" मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मी बी वाटच बघत हुतो. पण कुणी म्होरं काही बोललं आसतं, दादाचं नाव घेतलं आसतं, तर मला बसावं लागलं आसतं. तिला सांगू नका. तिला वाटू द्या, बाईंच्या तोंडून चूक झाली न् काम झालं."

मी सांगितलं नाही. झोळी पुन्हा खुंटीवर गेली. वहिनी तिच्यात नवं पीठ भरत राहिल्या. ते कुठेच गेले नाहीत.

मग मी निवृत्त होऊन नगरला आले. मागच्या वर्षी मालक वारल्याचा फोन आला. मी लगेच निघाले, पण संगमनेरला माझ्या डोळ्यांदेखत राजूरची गाडी सुटली, आणि पुढची मिळेपर्यंत उशीर होणार होता. अंत्यदर्शनाला मी पोचणार नाही हे कळल्यावर स्टँडवरच्या बाकावर बसले. भोवती माणसं, पेट्या, पुकारणारा कर्णा. ते जे म्हणाले असते ते मला इतकं स्वच्छ ऐकू आलं, की मी उठून चहा घेतला. साखर जास्त होती. सगळा प्यायले.

परवा वहिनींना फोन केला. त्या राजूरला एकट्याच राहतात. खर्ड्याचा भाचा न्यायला येतो, त्या जात नाहीत. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या घरात भीती नाही वाटत?"

"भ्या कशाचं बाई? तिकडं सांगून ठिवलंय."

मी म्हटलं, "वहिनी, त्या वेळी खर्ड्याला... तिकडे कळलं होतं का हो, बोलावणं कोणाचं ते?"

मागे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मी तुमच्याच फोनवर का सांगितलं मग?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला धाडलं आसतं तर त्यानं नीट सांगितलं आसतं." आणि लगेच, आपण काही विशेष बोललोच नाही अशा सुरात, "पोरं तिकडं बरी हायत ना?"

बरी आहेत, मी म्हटलं. इथे सकाळचे सहा वाजले आहेत, अंगणात ऊन यायचं आहे. तिकडे अजून काल चालू आहे. तुम्ही जेवायला बसला असाल. पान संपवूनच उठा.